मी निवडलेला गोंद

झाकण निघालं तसे अप्पा खूश झाले. "सुटलं रं! आता आतलं बघू."

जळकोटला हायवेलगत त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. मध्ये लाकडी ठोकळ्यांवर इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरी पॅक ठेवलेला. पॅक म्हणजे गाडीच्या पोटाखाली असतो तो पलंगाएवढा चपटा डबा. गाडी त्यांच्या मुलीची, महादेवीची. जळकोट, अणदूर आणि आसपासच्या गावांतून रक्ताचे नमुने गोळा करून ती सोलापूरच्या लॅबला पोचवते. गाडी जुनी घेतलेली, वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरनं एका वाक्यात सांगितलं होतं, "पूर्ण पॅक बदला." नवा पॅक म्हणजे जवळजवळ दुसरी गाडीच. आणि गाडी गेली की लांबची गावं हातची जाणार.

अप्पांनी मला पुण्याला तीनदा फोन केला. "तू ह्याच लाइनीतला. ये एकदा." तिन्ही वेळा मी काहीतरी सांगून टाळलं. चौथ्यांदा नाही म्हणवेना. पण एक गोष्ट मी सांगितली नव्हती. तो पॅक माझ्याच टीमनं डिझाइन केला होता.

डिप्लोमानंतर नोकरी मिळेना, तेव्हा दोन वर्षं मी याच दुकानात काम केलं. उन्हाळा आला की जळालेल्या मोटरींची रांग लागायची. वार्निशचा तो घशाला लागणारा वास अजून कुठं आला की मी जागीच थांबतो. जुनी तार काढताना अप्पा वेढे मोजायचे ते कानडीत. मराठीत मोजलं की चुकतं म्हणायचे. मध्येच कुणी बोललं की पहिल्यापासून मोजायचे आणि बोलणाऱ्याला चहा आणायला पिटाळायचे. त्यामुळं दुकानात चहा कधी कमी पडला नाही. मोटर बंद करताना प्रत्येक बोल्टला ग्रीस लावायचे. "पुढं जो उघडंल त्यानं शिव्या द्यायला नकोत." बहुतेक वेळा पुढं उघडणारे तेच असायचे. त्या दोन वर्षांइतकं हसत मी नंतर कुठंच काम केलं नाही.

आता पॅकचं सांगतो. आत शेकडो सेल असतात. आमच्या पहिल्या डिझाइनमध्ये ते बारा पेट्यांत भरलेले होते. या पेटीला मॉड्यूल म्हणतात. सेल कमजोर झाला तर बोल्ट काढायचे, तेवढा मॉड्यूल बदलायचा. मग वजन कमी करा, एका चार्जमधली रेंज वाढवा, असा हुकूम आला. मी मॉड्यूल काढून टाकले आणि सेल थेट तळाच्या ट्रेला चिकटवले. रिव्ह्यू मीटिंगमध्ये सर्व्हिसच्या मॅडमनी विचारलं, "एकच सेल गेला तर?"

बॉस माझ्याकडं बघायला लागले.

"तशी वेळ सहसा येणार नाही," मी म्हणालो. ड्रॉइंगवर सही केली. पुढं प्रमोशनही मिळालं.

ती वेळ आता माझ्यासमोर उघडी पडली होती. मीटर लावला. सेल गटागटानं जोडलेले असतात; बाकी सगळे गट ठीक, एक मेलेला. एक गट बसला की गाडीचा कंट्रोलर अख्खा पॅक बंद करतो.

"एवढंच व्हय?" अप्पा म्हणाले. "इतकासा तुकडा काढायचा, दुसरा बसवायचा." रबरी मोज्यांच्या हातानं त्यांनी सेल हलवून पाहिला. हलेना. "कुण्या शहाण्यानं चिकटवलंय रं हे? घरी जेवायची ताटं बी चिकटवत असंल!"

महादेवी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला लाज वाटते.

मग अप्पांनी हीटगन उचलली. जुनं वार्निश तापवलं की मऊ पडतं, तार सुटते. चाळीस वर्षांचा सवयीचा हात. हेही तसंच सुटेल, असं त्यांना वाटलं.

"अप्पा, बंद करा! आधी ती बंद करा!"

"काय झालं?"

"गोंद मऊ व्हायच्या आधी सेल पेटतो."

"तुला काय ठाव? गोंदाचे लई प्रकार असत्यात."

"हा मीच निवडलाय."

हीटगन थांबली. महादेवी माझ्याकडं वळली.

"दादा, म्हणजे तुमाला पयल्या फोनलाच ठाव होतं?"

"व्हय."

"आन् तरी अप्पांला झाकण काढू दिलं?"

झाकण काढताना हत्यार घसरून सेलमध्ये घुसलं असतं, तर दुकानासकट आम्ही तिघं पेटलो असतो. हे मला माहीत होतं. मी अब्रू सांभाळत उभा होतो.

अप्पांनी हीटगन खाली ठेवली आणि ते पॅकवर वाकले. मग म्हणाले, "काम सफाईचं हाय. गोंद कुठं सांडलेला न्हाय."

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पॅक दुरुस्त झाला नाही. गाडी पार्टसाठी विकली. महादेवी आता स्कूटीवर फिरते, जवळची गावं तेवढी तिच्याकडं राहिली. अप्पा फोनवर बोलतात, पण पूर्वी हमखास विचारायचे, "नवीन काय बनवतोस?" ते आता विचारत नाहीत.

पुढच्या पॅकच्या वेळी मी मॉड्यूल परत मागितले. "रेंज कमी होईल," बॉस म्हणाले. "होईल," मी म्हणालो. दोन महिने वाद चालला. शेवटी चार मिळाले, बोल्टचे. बारा नाही.

हल्ली कुणी नवीन ड्रॉइंग घेऊन आलं की मी आधी विचारतो, हे सुटतं कसं? बहुतेकांनी तो विचारच केलेला नसतो. मीही केला नव्हता, असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं.