न मारलेल्या हरणाची तंगडी

बोईसरच्या प्लांटमध्ये आयुष्य घालवून रिटायर झालं की माणसाकडे खोकला आणि किस्से साठतात. खोकल्याला निदान औषध तरी मिळतं!

माझे किस्से जान्यादादाच्या टोळीचे. मी साताऱ्याहून आलेला फिटर, दादा माझा हेल्पर. त्याच्या पाड्यावरची माणसं पूर्वी शिकार करायची. बंदी आली आणि तीरकमठे आढ्याला गेले. तरी वर्षातून एकदा टोळी डोंगरावर जातेच, हातात फक्त दादाची काठी! कळपातलं एक हरीण दादा काठीने दाखवतो, "यो चालंल" म्हणतो, की झाली शिकार.

*

पहिल्या वर्षी मी उत्साहाने सगळ्यात मोठ्या शिंगांचा नर दाखवला.

"तो सुपरवायझर हाय," दादा म्हणाला. "त्याला नेलास तं शिफ्ट कोण चालवंल?"

आमचे सुपरवायझर सोबतच होते. दिवसभर खुशीत होते बिचारे!

*

गाभण नको, पिल्लाची आई नको, जवान नर नको. मग उरलं काय?

"म्हातारा," दादा म्हणाला. "सगला कलप यंदाच खाल्ला तं पुढच्या साली दगड खायचं?"

*

मग तोंडी वाटे पडायचे. हरीण समोर निवांत चरतंय आणि इकडे त्याच्या तंगडीवरून भांडण! दादाचा चुलतभाऊ रावजी तर एकदा तंगडी मिळाली नाही म्हणून रुसून जेवलाच नाही. जेवायला होते एडवणचे सुके बोंबील.

फार हसायचो आम्ही तेव्हा. टोळीतली निम्मी माणसं आता नाहीत.

*

काठीचा एक नियम होता. चुकून मादी दाखवली, की काठी दुसऱ्याला द्यायची. रावजीचा कित्येक वर्षं त्या काठीवर डोळा! यंदा दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मला सकाळपासून धास्ती वाटत होती, कारण काठी गेली तर दादा पुन्हा डोंगर चढणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कळप दिसला. दादाने बराच वेळ डोळे बारीक केले, मग काठी उचलली.

"यो म्हातारा."

काठीसमोर पोट सुटलेली गाभण मादी होती. सगळे रावजीकडे बघायला लागले.

"बरोबर हाय, दादा," रावजी म्हणाला. "नरच हाय. तंगडी माझी हां!"

दादाने काठी त्याच्या हातात दिली.

"धर. तू मला बरोबर कवा बोललास? मादीची तंगडी मी नाय वाटत."