साबणाच्या वडीएवढं पिस्तूल

टेबलाच्या खणात रबरबँड कुठून येतात ते कोणी सांगू शकत नाही. कोणी विकत आणत नाही, कोणी टाकत नाही, पण खण उघडला की मूठभर निघतात. पोलिस ठाण्यातल्या किश्शांचं तसंच आहे. कोणाची बदली झाली, निरोपाचा चहा झाला, की एकेक बाहेर येतो आणि मग घरी जायची वेळ टळून जाते.

आमचं ठाणं कारंजा तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण परत त्याच लोकांसोबत काम करायचं आहे. मी तिथं महिला हवालदार, शोभा. सगळे शोभाताई म्हणतात. आज सांगते ते किस्से एकाच वस्तूचे. आमच्या ठाण्यात नवं पिस्तूल आलं आणि त्याच्या आकारावरून जी चर्चा सुरू झाली, तेवढी चर्चा आमच्याकडे पगारवाढीवरही झाली नव्हती.

* * *

पिस्तूल आलं त्या दिवशी मॅडमनी ते रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि टेबलावर ठेवलं. मॅडम म्हणजे आमच्या फौजदार. नाशिककडच्या, अंगानं बारीक, नोकरीला नव्या. पिस्तूल काळं, आखूड नळीचं, बॉडी फायबरची. आधीचं लोखंडी पिस्तूल शेजारी ठेवलं तर थोरल्या भावाजवळ धाकटा बसल्यासारखं दिसत होतं.

गजाननराव पुढे झाले. गजाननराव आमचे सगळ्यात जुने हवालदार, मंगरूळपीरचे. मिशी भरघोस आणि पोट त्याहून भरघोस. तरुणपणी ते मोठमोठ्या पुढाऱ्यांचे अंगरक्षक होते, तेव्हा त्यांच्या कमरेला जुनं रिव्हॉल्वर असायचं. त्यांनी नवं पिस्तूल तळहातावर घेतलं, वरखाली करून पाहिलं.

"मॅडम, हे पिस्तूल हाये का साबनाची वडी?"

मग त्यांनी मागच्या बाजूला अंगठा फिरवला. काहीच हाताला लागेना.

"याले घोडाच नाही?"

मॅडमनी समजावलं, की याचा घोडा आत असतो, बाहेर दिसत नाही. कपड्यात अडकत नाही, काढायला सोपं जातं.

"थे ठीक हाये," गजाननराव म्हणाले, "पन आमच्या रिव्हॉल्वरचा घोडा मांगं ओढला का टक्क आवाज येये. निसता आवाज आयकूनच चोर पळून जाये."

"गजाननराव," मॅडम म्हणाल्या, "पळून गेल्यावर त्याला पकडायचं कोणी?"

गजाननरावांनी पोटावरचा पट्टा सारखा केला आणि पिस्तूल जागेवर ठेवलं.

* * *

त्या पिस्तुलासोबत डब्यात मुठीच्या मागं बसवायच्या तीन पट्ट्या आल्या होत्या. लहान, मध्यम आणि मोठी. ज्याचा जसा हात, तशी पट्टी. आमचा ड्रायव्हर इंगळे म्हणाला, "हे तं चपलीसारखं झालं, नंबर पाहून घ्या लागते."

त्यावरून ठाण्यात हात मोजणं सुरू झालं. टेबलावर पंजे ठेवून ठेवून पाहिले. इंगळेचा पंजा स्टेअरिंग फिरवून फिरवून भाकरीएवढा झालेला. मॅडमचा पंजा त्यावर ठेवला तर बोटांची दोन पेरं कमी.

तेव्हा मॅडमनी एक गोष्ट सांगितली. ट्रेनिंगमध्ये त्यांना जुनं लोखंडी पिस्तूल दिलं होतं. मूठ एवढी जाड, की नीट धरलं तर बोट चापापर्यंत पोचायचं नाही आणि बोट पोचवलं तर मूठ सुटायची. त्यांनी शिकवणाऱ्या उस्तादांना तसं सांगितलं. उस्ताद म्हणाले, "पिस्तूल सरकारचं आहे, ते बदलणार नाही. हात तुमचा आहे, त्याचं काहीतरी करा." मॅडम महिनाभर रबरी चेंडू दाबत होत्या. हात दुखायला लागला, मोठा काही झाला नाही.

गजाननराव लगेच उस्तादांच्या बाजूनं. "बराबर हाये. हत्याराच्या मापानं शिपाई पाह्यजे."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गजाननराव, कासार हात पाहून बांगडी काढते. बांगडी पाहून हात कापत नाही."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लहान पट्टी बसवली, मूठ धरली, आणि चापावर बोट न ठेवता ते नुसतं बाजूनं लांब करून पाहिलं. सहज पोचत होतं.

* * *

मग सगळ्यांना वाशिमला सरावासाठी नेलं. मैदानात उन्हं तापलेली, समोर पुठ्ठ्याची माणसं उभी.

गजाननराव वाटेत इंगळेला समजावत होते, की आखूड नळीत नेम लागूच शकत नाही. नळी जेवढी लांब तेवढी गोळी सरळ. "इंगळे, लहान पट्टीनं लांब रेघ सरळ येते काय? तसंच हाये हे."

इंगळे म्हणाला, "थे स्कूटीसारखं हाये गजाननराव. गिअर नाही, क्लच नाही, पन बजारात तं जाते."

गजाननरावांची पाळी आली. जुन्या पिस्तुलावर त्यांचा निशाणा कसा होता हे आम्हाला ठाऊक होतं. एकदा त्यांनी शेजारच्याच्या पुठ्ठ्यात भोक पाडलं होतं आणि शेजारच्याचं कौतुक झालं होतं. या वेळी त्यांनी डोळा बारीक केला, श्वास रोखला आणि गोळ्या झाडल्या. पुठ्ठा जवळ आणून पाहतो तर सगळ्या गोळ्या छातीच्या गोलात. एकही बाहेर नाही.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "आता तरी मानलं का, पिस्तूल चांगलं आहे?"

गजाननराव पुठ्ठ्याकडे पाहत राहिले. मग नाराज चेहऱ्यानं म्हणाले, "याच्यात काय हाये मॅडम? याचा नेम तं आपोआपच लागते. मंग मानसाची करामत कुठी राह्यली?"

* * *

थोड्याच दिवसांत एक पुढारी मंगरूळपीरला एका लग्नाला येणार होते. सोबत अंगरक्षक म्हणून गजाननरावांना साध्या कपड्यात पाठवलं. कमरेला नवं पिस्तूल. मीही बंदोबस्ताला मांडवातच होते.

पुढारी जेवून उठले. गजाननराव हात धुवायला गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मला मांडवाच्या खांबाआड बोलावलं.

"शोभाताई, माही नोकरी गेली."

"काय झालं?"

"पिस्तूल नाही."

पोलिसाचं पिस्तूल हरवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. तिथं निलंबनावर थांबत नाही. ते कोणाच्या हाती लागलं, त्यानं काय केलं, हे आयुष्यभर मानेवर बसतं. आम्ही पंगतीच्या सतरंज्या उचलून पाहिल्या. वाढप्यांना बाजूला केलं. गजाननराव बुंदीच्या टोपल्यामागं वाकून पाहायला लागले आणि त्यांचा सफारी शर्ट पाठीवर ताणला गेला. कमरेच्या मागं, पार पाठीच्या कण्याजवळ, एक उंचवटा दिसला.

"गजाननराव, मांगं हात लावा."

"काहून?"

"लावा तं."

त्यांनी हात मागं नेला. मग तिथंच, बुंदीच्या टोपल्याशेजारी, खाली बसले. जेवताना पोटाला टोचू नये म्हणून त्यांनीच ते मागं सरकवलं होतं. जुनं असतं तर पाठीत धोंडा बांधल्यासारखं वाटलं असतं. याचं वजनच लागेना.

परत येताना जीपमध्ये त्यांना पुन्हा जोर चढला. "जे वस्तू कमरेले हाये का नाही हे समजत नाही, थे काय कामाची?"

इंगळेनं गिअर टाकत म्हटलं, "उद्यापासून घंटी बांधा त्याले."

* * *

निवडणूक लागली की गावोगावची परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात. धनजचे नामदेवराव दरवेळी येतात. पीक राखायला त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची एकनळी बंदूक आहे. गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीला दवाखान्यातून आणावं तशी जपून आणतात.

त्या दिवशी मॅडमच्या कमरेला नवं पिस्तूल होतं. नामदेवरावांनी चष्मा वर करून पाहिलं.

"मॅडम, याच्यानं रानडुक्कर मरते काय?"

मॅडम म्हणाल्या, "हे डुकरासाठी नाही, काका."

"तरी पन. समजा मारलं तं?"

गजाननरावांना असा साथीदार कधी मिळाला नव्हता. ते खुर्ची ओढून बसले. "नामदेवभाऊ, याच्यासाठी डुकराच्या अगदी जवळ जा लागन."

नामदेवरावांनी खरंच विचार केला. बंदुकीवरची गोधडी सारखी केली आणि म्हणाले, "आमी जाऊ बावा. पन डुक्कर थांबन काय तवरोक?"

* * *

आता शेवटचा. हा मी चहावर फारसा सांगत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. तूर कमरेच्या वर आली होती. सकाळी फोन आला, कामरगावच्या रस्त्यावर एका शेतात दोन सख्खे भाऊ भांडत आहेत, लवकर या. मॅडम, गजाननराव आणि मी निघालो. इंगळेनं जीप मातीच्या वाटेनं पार धुऱ्यापर्यंत नेली.

भांडण धुऱ्याचंच होतं. दोघांच्या वाटणीमधला तो मातीचा बांध धाकट्यानं, सुधाकरनं, ट्रॅक्टर घालून नांगरून टाकला होता. आम्ही पोचलो तेव्हा सुधाकर ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला टेकून पडला होता. पायातून रक्त येत होतं, उठता येत नव्हतं. थोरला भास्कर त्याच्यासमोर उभा होता आणि त्याच्या हातातली कुऱ्हाड खांद्याच्या वर होती. त्यांची आई थोड्या अंतरावर मातीत बसलेली. ती रडत नव्हती. नुसती दोघांकडे पाहत होती.

"भास्कर, कुराड खाली ठेव," गजाननराव म्हणाले.

"जवळ येऊ नका. येक पाऊल टाकसान तं याले तोडतो."

आम्ही थांबलो. मॅडमनी पिस्तूल काढलं. दोन्ही हातांनी धरलं, नळी जमिनीकडे.

भास्करनं पाहिलं आणि हसला.

"लेकराचं खेळनं दाखवून राह्यल्या काय मॅडम मले?"

इतके दिवस आम्ही त्या पिस्तुलाच्या आकारावर हसत होतो. जुनं, थोराड, लोखंडी पिस्तूल असतं तर त्यानं नुसतं पाहूनच मानलं असतं. आता यानं मानावं म्हणून मॅडमना ते चालवावं लागणार होतं. माझ्या शेजारी गजाननरावांचा श्वास ऐकू येत होता.

मॅडमनी पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढून सोडला. खट् असा आवाज झाला. भास्करचं हसू गेलं, पण कुऱ्हाड खाली आली नाही.

"भास्कर," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, शेजारणीशी बोलावं तसा होता. "हे खरं आहे की खोटं, ते दाखवायचा माझ्याजवळ एकच रस्ता आहे. मला दाखवायचं नाही. तुला पाहायचं आहे का?"

भास्कर पिस्तुलाकडे पाहत होता. सुधाकरनं डोळे मिटून घेतले होते. मग म्हातारी पहिल्यांदा बोलली. "भास्कर, सांग ना रे त्याईले. इचारून राह्यल्या थ्या."

भास्करनं आईकडे पाहिलं. मॅडमकडे पाहिलं.

"नाही पाहाचं," तो म्हणाला.

त्यानं कुऱ्हाड खाली घेतली. फेकली नाही. पातं पलीकडे करून, घरी भिंतीशी ठेवावी तशी, नांगरलेल्या मातीत ठेवली आणि चार पावलं बाजूला झाला.

गजाननरावांनी त्याच्याच गळ्यातल्या दुपट्ट्यानं त्याचे हात बांधले. मी सुधाकरच्या पायाला फडकं आवळलं. इंगळे त्याला उचलून जीपकडे घेऊन गेला. म्हातारी एकदा धाकट्याच्या मागं दोन पावलं गेली, मग थोरल्याकडे वळली, आणि मध्येच उभी राहिली.

मॅडमना आता पिस्तूल रिकामं करायचं होतं. नळीत गोळी चढलेली, तसं कमरेला लावता येत नाही. त्यांनी नळी मोकळ्या शेताकडे वळवली, बाजूचं बटण दाबलं. मॅगझिन निघालं, पण हातातून सुटून मातीत पडलं. त्यांनी वाकून उचललं, खिशात घातलं. वरचा भाग मागं ओढायला गेल्या तर बोटं घसरली. पुन्हा ओढायला गेल्या. पुन्हा घसरली. मनगटापासून दोन्ही हात कापत होते. मी दुसरीकडे पाहिलं. गजाननरावांनी टोपी काढली आणि तिची धूळ झटकायला लागले.

भास्कर बांधल्या हातांनी मॅडमच्या समोरच उभा होता. तो त्यांच्या हातांकडे पाहत होता.

"सावकाश करा, मॅडम," तो म्हणाला. "आमाले कायची घाई नाही."