चाकावरचा हात

शेजाऱ्यांच्या नव्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली काल लिंबं चिरडली. तो आंबट वास नाकात गेला.

बारा वर्षांपूर्वी कर्जतला आमच्या दारात असाच वास सुटला होता. मी पुण्याहून जुनी, पण काळी कुळकुळीत परदेशी गाडी आणली होती. तिच्या लेदरच्या सीटवर अर्धी आळी बसून गेली. हिला स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे आहेत, हे मी येईल त्याला तोऱ्यात सांगत होतो.

आईनं चाकांना कुंकू लावलं. मग पुढच्या चाकावरच्या फटीत ती झेंडूचं फूल खोवू लागली. तेवढ्यात फुस्स झालं आणि गाडीचं नाक एकदम खाली बसलं. आईचा हात चाक आणि पत्र्याच्या मध्ये अडकला. काचेच्या बांगड्या कडाकडा फुटल्या. चौघं धावले, पत्र्याला धरून गाडी उचलू लागले. इतक्यात कुणीतरी ओरडलं, "अरं, हळू! पत्रा चेपंल!"

तो मी होतो.

पुढं नागापूरच्या मेकॅनिकनं नव्या फुग्याची किंमत सांगितली तेव्हा माझे डोळे पांढरे झाले. एक बदलला की दुसरा जायचा. वर्षाच्या आत गाडी विकून टाकली. फुग्याची ती किंमत आज आठवतसुद्धा नाही.

त्या दिवशी हात सुटल्यावर आई मनगटाचं रक्त पदरानं पुसत होती. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "गाडीला काय झालं न्हाई ना रं?"