आमच्या बाकावरची पोटनिवडणूक

विधानसभेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक पान असतं. निवडून आलेले सगळे आमदार त्यावर पासपोर्टच्या फोटोएवढे, ओळीने छापलेले असतात. माझे यजमान ते पान जपून ठेवायचे. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि निवृत्तीनंतरही नकाशा वाचावा तसं ते पान वाचायचे. सकाळी चहा झाला की घडी बगलेत मारून पेठेतल्या वाचनालयाबाहेरच्या बाकावर जायचे आणि तिथल्या मंडळींना कामाला लावायचे.

“यात आपला इस्त्रीवाला दाखवा.”

“त्यो कसा असंल यात, सर?”

“बरं, नर्स दाखवा. ऊस तोडणारा दाखवा. भाड्याच्या खोलीत राहणारा एक तरी दाखवा.”

मग पान हातोहात फिरायचं. कारखान्याचे चेअरमन सापडायचे, शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष सापडायचे, बिल्डर आणि वकील सापडायचे, आमदारांचे मुलगे आणि पुतणे तर विचारूच नका. बायका शोधायला वेळ लागायचा, मोजायला लागायचा नाही. मतदार म्हणून आम्ही जवळपास निम्म्या. त्या पानावर दहात एकही भरत नव्हती. हे त्यावर फार चिडायचे. मग राग घालवायला ‘गल्लीची विधानसभा’ भरवायचे. आपल्या गल्लीत जशी माणसं आहेत त्याच प्रमाणात आमदार पाठवायचे झाले तर कोण जाईल? भाजीवाली अध्यक्ष, कारण तिचा आवाज तालमीपर्यंत जातो. फुटबॉलवाली पोरं विरोधी पक्षात, कारण ती पंचाचंसुद्धा ऐकत नाहीत. अर्थखातं आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या भाकरीवालीकडे.

हे सगळं मला दुपारी जेवताना कळायचं. बाकावर बायकांनी बसू नये असा काही नियम नव्हता. बसत नव्हत्या, इतकंच.

गेल्या पावसाळ्यात हे गेले. आजार मोठा नव्हता आणि लांबलाही नाही. त्याविषयी मला अजून नीट लिहिता येत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

शेजारच्या मतदारसंघातले एक आमदार सांत्वनाला आले. एके काळी ते ह्यांच्या वर्गात होते. आमच्याकडे आमदार लग्नाला चुकेल, सांत्वनाला चुकायचा नाही. पांढरे कपडे घातलेली पाच-सहा माणसं आत आली आणि त्यातले आमदार कोणते हे मला क्षणभर कळेना. ते खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. सरांनी एकदा नकाशात पंचगंगा उलटी वाहवल्याबद्दल आपल्याला बाकावर उभं केलं होतं, असं सांगून त्यांनी डोळे पुसले. ते खोटं नव्हतं, मला ते दिसत होतं. बाहेरच्या खोलीत सगळे पुरुष आणि आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात. भाकरीवाली माझ्या कानाशी लागली.

“ह्योच व्हय आमदार? वयानं माझ्या भावाएवढा हाय. पन हात बघा बाई, कसं लोण्यासारखं हाईत.”

त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले ते तिथे, पदर तोंडाला लावून. बाहेरच्यांना वाटलं, रडते आहे. जाताना आमदार माझ्या दिराला म्हणाले, “वहिनींना काय अडचण असली तर सांगा.” वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

महिन्याभराने वाचनालयाचे सचिव घरी आले. वाचनालयाची कमिटी आणि बाकावरची मंडळी म्हणजे तीच माणसं: सचिव, जुने फळवाले चाचा, गुळाची अडत चालवणारे दोन भाऊ आणि पाचवे आमचे हे. सचिव महसूल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे साधं बोलतानाही अर्ज निकाली काढल्यासारखं बोलतात.

“वहिनी, सरांची जागा रिकामी ठेवता येत न्हाय. पोटनिवडणूक लागली म्हणा की.”

“मग उभं कोण आहे?”

“तुमीच. बिनविरोध. आमदार गेला की त्याच्या मंडळींना तिकीट देत्यात, तशीच रीत हाय आपली.” आणि मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, “तुमाला काय करावं लागणार न्हाय. सरांचं मत आमाला म्हाईत हाय. तुमी नुसतं बसा.”

मी चहा ठेवायला आत गेले. ज्या माणसाने वर्षानुवर्षं त्या पानावरच्या बायका मोजल्या, तो बायकांचं नाव नसलेल्या कमिटीवर वर्षानुवर्षं बसला होता, हे मला कपात साखर घालताना सुचलं. ते असताना सुचलं असतं तर केवढं मोठं भांडण झालं असतं. जेवण गार झालं असतं आणि शेवटी ते हरले असते, मजेत.

मी हो म्हटलं. पण एक गोष्ट मनात धरून. वाचनालय सकाळी उघडायचं, अकराला बंद व्हायचं आणि पुन्हा पाचला उघडायचं. सकाळी आणि संध्याकाळी पेठेतली कुठलीही बाई चुलीपाशी असते. तिला जी दुपार मिळते, तेव्हा वाचनालयाला कुलूप. ग्रंथपाल दुपारी दुसरीकडे कामाला जातात, हे कारण मला माहीत होतं. म्हणून पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, दुपारी मी बसते, किल्ली माझ्याकडे द्या.

“दुपारी कोण येतंय?” सचिव म्हणाले.

“दार बंद असल्यावर कोण येईल?”

“भाभी, पण बायकांनी मागणी कुठं केलीय?” चाचांनी खरोखरच विचारलं.

धाकटे अडते म्हणाले, “आमदारास्नी सांगून बायकांसाठी येगळी इमारतच मागू की.” हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं, कारण मग आज काही करावं लागणार नव्हतं. शेवटी सचिवांनी एक महिना बघायचं मान्य केलं. महिन्याने ठराव मतदानाला. नापास झाला तर दुपारचं कुलूप पुन्हा लागणार.

मी एक ते तीन अशी वेळ जाहीर केली आणि दारावर पाटी लावली. पहिल्या दिवशी मी, पंखा आणि एक मांजर. दुसऱ्या दिवशी शिवणकाम करणारी एक जण दार ढकलून आली, सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, “इथं नुसतं बसलं तर चालतंय?” चालतंय म्हटल्यावर ती टेबलावर डोकं टेकून झोपली. तिसऱ्या दिवशी तिने जाऊ आणली. मग हळूहळू गर्दी व्हायला लागली. एक जण मटार सोलत श्रद्धांजलीच्या जाहिराती मोठ्याने वाचायची. एक पाककृतीच्या पुस्तकाशी भांडायची: “तांबड्या रश्शात टोमॅटो? ह्या बाईला कोल्हापूर दावलं पायजे कुणीतरी.” नर्सिंगच्या दोन मुली कोपऱ्यात अभ्यास करायच्या आणि सगळ्यांना गप्प बसवायच्या.

सचिव पाहणीला आले तेव्हा मटार सोलणं चालू होतं.

“वहिनी, हे वाचनालय हाय का माहेर?”

“सकाळी तुम्ही इथे राशिभविष्य वाचून दात कोरत बसता, तेव्हा मी काही म्हणते का?”

ते पंख्याकडे बघत निघून गेले.

चाचाही आले. मागच्या टेबलावर त्यांची सून रहस्यकथा वाचत बसली होती, इतकी गुंगून की सासरा आलेला तिला कळला नाही. चाचा दारातच थांबले.

“ही वाचतेय? भाभी, घरात हिच्या हातात मी कधी पुस्तक बघितलं न्हाय.”

“घरात तिच्या हातात कणीक असते, चाचा.”

ते तसेच पाय न वाजवता परत गेले.

मला वाटायला लागलं की मी जिंकते आहे. आणि त्याच आठवड्यात, तीन वाजता मी कुलूप लावून वळले तर मागे भाकरीवाली उभी. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, हातात कापडी पिशवी. ती मूळची चंदगडकडची. नवरा गेल्यावर कोल्हापुरात आली आणि मेसला भाकऱ्या देऊन तिने दोन मुली शिकवल्या.

“मिटलं व्हय?”

“अगं, तीनपर्यंतच असतं.”

“माझ्या भाकऱ्या दोनला संपत्यात. तवा घासायचा, चार घास खायचं, म्हंजे तीन वाजत्यात. पाचला पुन्हा चूल. ही येळ कुणी काढली?”

“मी.”

“कुणाला इच्यारून?”

साडेबाराला जेवून एकला मोकळी होणारी बाई पेठेत एकच होती, पेन्शन घेणारी, आणि तिने आपलीच दुपार सगळ्यांची धरली होती.

“बाई,” ती म्हणाली, तिच्या आवाजात राग नव्हता, गंमतच होती, “तुमी पार आमदार झालासा की वो.”

मी कुलूप उघडलं. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली: दोन ते साडेचार. पण आदल्या दिवशीच्या अनुभवाने शहाणी होऊन ती बदलण्याआधी मी मटारवालीला विचारलं, शिवणवालीला विचारलं, चाचांच्या सुनेला विचारलं. सगळ्यांची वेळ जुळली नाही. रेडिमेडच्या दुकानात काम करणाऱ्या दोघींना तर कुठलीच दुपार जमत नव्हती. त्यांचं काय करायचं ते मला अजूनही सुचलेलं नाही.

महिना संपला. बैठक नेहमीसारखी सकाळी नऊला, आतल्या टेबलाभोवती. सचिवांची तयारी झाली होती.

“आधी एक येळ, मग दुसरी येळ. पंख्याचं बिल येगळंच. आनि वहिनी, मनाला लावून घेऊ नका, पन तुमाला आमी सरांच्या जागेवर घेतलंय. सर असते तर काय म्हनले असते, याचा इचार करा.”

दोघं भाऊ माझ्याकडे बघायला लागले. चाचा चष्मा पुसायला लागले. सर काय म्हणाले असते हे मला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. दुपारची झोप आणि दुपारचं कुलूप या दोन्ही गोष्टी त्यांना पवित्र होत्या. ‘वाचनालयालाही विश्रांती लागते’ हे वाक्य त्यांचंच.

“ते विरोधात गेले असते,” मी म्हटलं.

सचिवांना एवढी सोपी कबुली अपेक्षित नव्हती. “मग?”

“मग काही नाही. मी बाजूने आहे. त्यांचं मत चालवायला मला घेतलं असेल तर आत्ता सांगा, मी उठते. तुम्ही दुसरं कुणी बघा.”

कुणी उठायला सांगितलं नाही. पण टेबलाखाली मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. अख्ख्या संसारात मी ह्यांच्याशी रोज भांडले होते, त्यांच्या विरोधात मत मात्र पहिल्यांदाच देत होते, आणि उत्तर द्यायला ते नव्हते. मी हात वर केला. चाचांनी लगेच केला, सुनेचं नाव न काढता. सचिव विरोधात. धाकटे अडते सचिवांबरोबर. राहिले थोरले. ते कधी धाकट्याच्या विरुद्ध गेलेले कुणी पाहिले नव्हते.

“आमची मंडळी दुपारी हिकडं येत्यात,” ते म्हणाले. “घरात टीव्ही बंद असतोय. महिनाभर काय झोप लागलीय मला, सांगतो.” आणि हात वर केला.

धाकटे म्हणाले, “आरं दादा.” थोरले म्हणाले, “तुज्या बायकुला बी धाडून बघ, मग बोल.”

ठराव असा पास झाला. सचिव हरले तरी दिलदार. दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनीच विषय काढला. आता मीही त्या बाकावर बसते, डाव्या टोकाला, तिथे ऊन लागत नाही.

“पुढची जागा रिकामी झाली की भाकरीवालीला घेऊया,” ते म्हणाले.

“म्हंजे कुणी मरायची वाट बघायची काय?” चाचा म्हणाले. “आणि आपल्यात सगळ्यात म्हातारा मी.”

मग सहावी जागाच करायची ठरली. मी सांगायला गेले तर तिने हातातली भाकरी थापता थापता नकार दिला.

“मीटिंग किती वाजता?”

“नऊ.”

“नऊला माझ्या तव्यावर काय ठेवू, तुमची कमिटी?”

तेव्हा बैठकीची वेळ बदलून दुपारी तीन झाली. पुरुषांची झोपेची वेळ. सचिवांनी विरोध नोंदवला आणि पहिल्या बैठकीला वेळेच्या आधी येऊन बसले. भाकरीवाली आली, खुर्ची ओढून बसली, पंखा का आवाज करतो ते विचारलं. नर्सिंगच्या मुलींसाठी नवी पुस्तकं घेण्याचा विषय निघाला. दहा मिनिटांत सचिवांची हनुवटी छातीवर आली. चाचा त्यांना हलवायला निघाले.

“ऱ्हाऊ द्या वो,” भाकरीवाली म्हणाली, “इधानसभेत बी झोपत्यातच की.”

हे ह्यांना सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं, घरी जायला उठावंसंही वाटलं. पण सगळे हसत होते आणि पुस्तकांचा विषय अर्धा राहिला होता. हसण्याने सचिव जागे झाले, चष्मा सरळ केला आणि म्हणाले, “हं, कुठवर आलोय?”

मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं.