सव्वीस गुण

नातीने मोबाइलवर दोन जन्मवेळा टाकल्या आणि हसत म्हणाली, "आबा, चोवीस गुण जुळले!" घरात आनंद झाला. मी मात्र देवघरापाशी जाऊन बसलो. तिथे नव्या कापसाचा, सरकीचा वास येत होता, आणि मला देवळी गावातल्या आमच्या ओसरीवर वाती वळत बसलेली धाकटी बहीण शांता दिसली.

त्या दुपारी मी जोशीबुवांकडून परतलो होतो. आष्टीच्या एका मुलाशी तिची पत्रिका जुळवायला दिली होती.

"दादा, किती जुळले?" बोटं न थांबवता तिने विचारलं.

"चौदाच. निदान अठरा लागतात."

"चौदा का कमी हायेत? गणितात मले कधी एवढे भेटले नाई," ती हसली. मग हळूच म्हणाली, "मानूस चांगला वाटला होता, दादा."

मी पाय धुवायला निघून गेलो. जोशीबुवांनी सव्वीस सांगितले होते. पण आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली होती, बायको दिवसभर शेतावर असायची, आणि शांता गेल्यावर आईचं कोण करणार, याची मला धास्ती होती.

आई पुढे बरीच वर्षं जगली. शांताचं लग्न राहूनच गेलं. आता तीही नाही, म्हणूनच हे सांगायला मला जमतंय.

माझ्या लग्नात गुण कुणी पाहिलेच नव्हते, कारण बायकोची जन्मवेळ कुणाला ठाऊक नव्हती. शांताला ते माहीत होतं. तिने मला ते बोलून दाखवलं नाही. त्या दुपारी नाही, नंतरही कधी नाही.