कोरडं पाणी

जन्मली तेव्हा तिच्या पायांची बोटं पातळ पडद्याने जोडलेली होती, बदकाच्या असतात तशी. सुईणीने ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाली, "हिला पाण्याचं बोलावणं येणार बघा!" बहुधा कौतुकानेच बोलली असेल, पण आईच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून घरात लेकीचं नाव पडलं मासोळी, आणि मासोळीला बंदी पाण्याची. नदी नाही, तळं नाही, समुद्राचं तर नावच काढायचं नाही.

मग मासोळी पाणी कागदावर काढायला लागली.

मोठेपणी ती एका छापखान्यात चित्रकार झाली. शाळेच्या पुस्तकांसाठी बेडकाचं काळीज काढायचं, फुलाचा उभा छेद काढायचा, हे तिचं काम. दुपारच्या सुट्टीत मात्र डाव्या हाताने डबा खात उजव्या हाताने ती आपली चित्रकादंबरी रेखाटत बसे. सागराच्या तळाशी मत्स्यमानवांचं गाव. तिथे प्रत्येक बाळाला जन्मताच एक शंख मिळे, आणि तो कानाला लावला की आपलं नशीब ऐकू येई. कोणी राजा होणार, कोणी देवमाशांची पिल्लं सांभाळणार. नायिकेचा शंख तेवढा मुका. कोवळी पोर, पण सारं गाव तिला बिचकून असे. शेवटच्या प्रकरणात तो शंख एकदाचा बोले: तू राणी होणार!

पानं पुरी झाली तशी तिने ती मालकांपुढे ठेवली. मालक म्हणजे तोंडावर बोलणारा माणूस. त्यांनी सगळी पानं सावकाश उलटली.

"गोष्ट झकास आहे. पण मासोळीबाई, तुमचं पाणी कोरडं आहे."

"म्हणजे?"

"दोरीवर वाळत घातल्यासारखे केस हलतात हो सगळ्यांचे! पाण्याखाली कधी डोळे उघडलेत का?"

मासोळीने पानं गोळा करून पिशवीत घातली.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मासोळी समोर बसली आणि म्हणाली, "आई, मी पोहायला शिकणार."

"चाळिशी आली, आणि आता सुचतंय?"

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं तूच म्हणतेस ना?"

"ते मी तुझ्या नोकरीबद्दल म्हणाले होते!"

आई चिडली, रडली, जेवली नाही. पण पहिल्या दिवशी पोहण्याच्या तलावावर जायला मासोळीच्या आधी तीच तयार. टॉवेल छातीशी धरून काठावर बसली, जीव मुठीत घेऊन.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "कठडा धरा, श्वास घ्या आणि खाली बसा." मासोळी खाली बसली. डोळे उघडले, आणि जगाचा आवाजच गेला. वरून उन्हाच्या सोनेरी दोऱ्या सुटून फरशीवर थरथरत होत्या. तिचे केस तिच्या आधी कुठेतरी निघाले होते, आणि मग आठवण झाल्यासारखे परत येत होते. हाताला वजन नव्हतं, वयही नव्हतं. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे, असं तिला वाटत राहिलं. कठडा कधी सुटला ते कळलंच नाही.

एकदम पाणी ढवळलं. कोणीतरी तिच्या दंडाला धरून वर ओढलं. पाहते तर आई! छातीभर पाण्यात, अंगावरच्या कपड्यांनिशी, चप्पलसुद्धा पायात.

"आई, मी बुडत नव्हते गं!"

"मला काय माहीत?" आई धापा टाकत म्हणाली. मग तिने स्वतःभोवतीच्या पाण्याकडे पाहिलं, हात पसरून ते हलकेच चाचपलं. "बोलावणं आलं तर जा तू. पण मला एकटीला काठावर बसवून जायचं नाही."

मासोळीने पाण्याचं एकूण एक पान नव्याने काढलं. शेवटही बदलला. शंख आता बोलतच नाही. पोर तो वाळूत ठेवते आणि गावाबाहेरच्या अंधाऱ्या दरीकडे आपली आपण पोहत निघते. पुस्तक छापून झालं, तेव्हा मालकांनी पाण्याच्या एका चित्रावर नुसतं बोट फिरवलं आणि ओलं झालंय का, हे उगीचच पाहिलं.

आता सुट्टीच्या सकाळी मायलेकी तलावावर असतात. आईला पोहता अजून येत नाही, पण तरंगता येतं. ती डोळे मिटून उताणी पडते, कान पाण्याखाली. मासोळी हाक मारते, तर ऐकू येऊनही ओ देत नाही.