बाईजाने निवडलेली शिवी

बाईजाची हाक टेकडीखालच्या बागेपर्यंत जायची.

"बास्टर! गो बास्टर! भात निवला, ये घरा!"

पाड्यावर कोणी मान वर करत नसे. सहा वर्षं सगळे हीच हाक ऐकत होते. त्या दिवशी मात्र समाजमंदिराच्या ओट्यावर नवी वस्तीशाळा भरली होती. शिकवायला आटगावची रंजना आली होती. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, अजून बाई म्हणवून घ्यायलाही लाजणारी. हाक ऐकून ती पोरीच्या मागोमाग आली आणि दारात थबकली.

"हिला काय म्हणून हाक मारलीत, ताई?"

"बास्टर. नाव हाय तिचं." बाईजा हसली. "विंग्रजी हाय. तुला समजलं असंल."

रंजनाने पाणी मागितलं. प्यायली आणि ओट्याकडे परत गेली.

ते नाव बाईजाला सहज सुचलेलं नव्हतं. तिच्या आधीच्या दोन मुली वर्षाच्या आत गेल्या होत्या. नावं रीतीप्रमाणे ओंगळच ठेवलेली. पहिली धोंडी, दुसरी उकिरडी. ओंगळ नाव ऐकलं की सटवाईला वाटतं, हे लेकरू घरातच नकोसं आहे. नकोसं लेकरू ती उचलत नाही. पण आजूबाजूच्या पाड्यांवर इतक्या धोंड्या आणि उकिरड्या झाल्या होत्या की सटवाई आता त्यांना फसत नसणार, असं बाईजाच्या मनाने घेतलं.

तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती मुरबाड रस्त्याच्या बागेत कामाला होती. बागेचे मालक जहाजावरून निवृत्त झालेले कप्तानसाहेब. ते दिवसभर इंग्रजीत शिव्या देत. बाईजाला अर्थ कळत नसे, पण सटवाईला नवं असं नाव शोधत ती झाडता झाडता ऐकत राही. 'ब्लडी' तिने आधीच सोडून दिला. साहेब तो शब्द तिच्या भाकरीलाही लावत आणि वर आणखी एक भाकरी मागत. 'रास्कल' म्हणत ते कुत्र्याचं पोट खाजवत. त्यात माया होती, म्हणजे तोही बाद. 'शीट' चहा सांडला तरी निघे. त्यात काय जोर?

बास्टर मात्र वेगळा. पाण्याचा पंप चालू झाला नाही की साहेब त्याच्याकडे बघून तो शब्द उच्चारत. तेव्हा त्यांचं तोंड कडू होई. हा शब्द ऐकला तर कोणीही तोंड फिरवील, बाईजाला वाटलं. पाचवीला तिने तोच शब्द लेकीच्या कानात सांगितला. नवरा गुणा म्हणाला होता, "जड हाय गो बोलायला." पण तोही शिकला.

पोर जगली. कप्तानसाहेबांनी एकदा बाईजाची हाक ऐकली. पंपाला शिव्या देणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं.

रंजना रोज दुपारी बाईजाकडे कोरा चहा प्यायला येऊ लागली. बाईजाला ती आवडली. बोलता बोलता 'अहो ताई'ची 'अगं ताई' झाली. मग एके दिवशी ती म्हणाली, "शाळेत नाव घालायचंय. हे नाव मला नाही लिहिता येणार."

बाईजाचे हात थांबले. "नाव बदलायचं नाय. दोन गेल्यात माझ्या."

"ठाऊक आहे. पण अर्थ ठाऊक आहे का तुला?"

"शिवी हाय. म्हणून तर ठेवली."

बाहेर कूड लिंपत असलेला गुणा आत आला. हात शेणाने भरलेले. "सांग की बाय. काय अर्थ हाय?"

रंजनाने मान खाली घातली. "ज्याच्या बापाचा पत्ता नाही, असं मूल."

गुणा बघतच राहिला. "म्हंजे सहा वर्सं मी माझ्याच पोरीला..." तो बाहेर गेला, पण लिंपायला बसला नाही.

बाईजाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मग ती शिवी पोरीला नाय लागत. तिचा काय दोष? आईला लागते."

"हो," रंजना हळूच म्हणाली.

बाईजाला पहिल्यांदा भीती वाटली. म्हणजे नावाने पोर झाकलीच नव्हती, इतकी वर्षं उघडीच होती. मग टिकली कशी? तिने फुंकणी उचलली, परत ठेवली.

"सटवाई आली असंल," ती शेवटी म्हणाली. "तिला सगळ्या भाषा येत असतील. म्हनली असंल, ही आयच असली, हिच्या घरातलं काय न्यायचं? आन गेली असंल परत." तिने रंजनाकडे पाहिलं. "मग लागू दे मला. नाव ऱ्हाऊ दे."

"आणि शाळेत?"

"तिथं चांगलं लिव. तुला आवडंल ते. सटवाई लिवते, पन दुसऱ्याचं वाचत बसत नाय. फक्त मोठ्यानं बोलू नको."

रंजनाने पटावर 'रविना' लिहिलं.

गुणाच्या तोंडून जुनं नाव पुन्हा निघालं नाही. तो लेकीला "माझे आये" म्हणू लागला, तशी बाईजा भडकली. "गोड बोलू नको! आयकंल कोनी!" त्याने मान हलवली. मग तो नुसतंच "गो" म्हणायचा.

पुढच्या सोमवारी बाईजा कळशी घेऊन ओट्याजवळून चालली होती. हजेरी सुरू होती. भगीरथ. हजर. सोमी. हजर. पुढच्या नावापाशी रंजना थांबली. तिने तोंड उघडलं नाही. नुसतं वर पाहिलं, भिंतीशी बसलेल्या पोरीकडे.

"हजर," पोर म्हणाली.

बाईजाने कळशी सावरली आणि ती विहिरीकडे वळली. परत आल्यावर भात निवला की पोरीला जुन्याच नावाने हाक मारायची होती.